मोडीवाचन

भाजीवाल्या मावशींनी पन्नासच्या नोटेवर सोळा रुपये मोड दिली. दहाचे एक नाणे, दोनची दोन, एकची दोन. दहाचे नाणे मी खिशात टाकणार, तोच शेजारचे गिऱ्हाईक म्हणाले, "ते घेऊ नका. पंधरा पट्ट्यांचं आहे, खोटं असतं." मावशी चिडल्या. "मग मी काय टांकसाळ घातलीय होय? मलापण कुणीतरी दिलंच ना!"

मी नाणे घेतले. घरी आल्यावर पाचही नाणी टेबलावर मांडली, भिंग काढले आणि वाचायला बसलो. नाण्याला मजकूर असतो आणि तो मजकूर आपण कधी वाचत नाही. आकडा पाहिला की झाले. कवितेतला फक्त शेवटचा शब्द वाचून पान उलटण्यासारखे हे आहे.

आधी आरोपी. पिवळे कडे, पांढरा गाभा, 27 मिलिमीटर व्यास, वजन 7.71 ग्रॅम. वरच्या बाजूला उगवत्या किरणांसारख्या रेघा. मोजल्या तर पंधरा. 2011 साली रुपयाचे नवे चिन्ह नाण्यांवर आले तेव्हा दहाच्या नाण्यावरच्या रेघा दहा झाल्या. धाकटा भाऊ ओळखीचा झाला आणि थोरल्यावर तोतया असल्याचा आळ आला. चिन्ह नाही आणि रेघा जास्त, म्हणजे नकली, हा तर्क गावोगाव पसरला. रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये खुलासा केला; जानेवारी 2018 मध्ये पुन्हा सांगितले की, दहा रुपयांची नाणी तोवर चौदा नमुन्यांत निघाली असून सगळी चालतात. अफवेला मात्र खुलासा वाचता येत नाही. मला या अफवेतली एक गोष्ट आवडते. लोकांनी निदान रेघा मोजल्या. एरवी सरकारी नक्षीकडे इतके बारकाईने कोण पाहते?

दोनची नाणी एकमेकांशेजारी ठेवली तर ती एका किमतीची वाटत नाहीत. एक मोठे, त्यावर दोन बोटे वर केलेला हात. दुसरे त्याहून लहान, रुपयाच्या चिन्हाचे. रुपयांचीही तीच गत: एकावर वर केलेला अंगठा, दुसरे जेमतेम जुन्या आठ आण्यांएवढे. ही हाताची नाणी 2007 पासून आली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ती नृत्यातल्या हस्तमुद्रांवर बेतली. पन्नास पैशांवर मूठ, रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटे. मंडईच्या गोंगाटात भाव विचारला की विक्रेता नेमकी अशीच बोटे वर करतो. प्रजासत्ताकाच्या नाण्यांत मला ही मालिका सर्वांत बोलकी वाटते. अंगठ्याचा रुपया तर थेट "घ्या, काळजी नको" म्हणतो. 2011 च्या फुलापानांत ती धिटाई नाही.

आता गंमत. अंगठ्याच्या रुपयावर 2011 चे लहान दोनचे नाणे ठेवा. दोन्ही 25 मिलिमीटर, दोन्ही 4.85 ग्रॅम, कडेला कड जुळते. 2011 चा रुपया मुठीच्या पन्नास पैशांवर ठेवा. दोन्ही 22 मिलिमीटर, वजनही तेच. सगळी मालिका एकेक पायरी खाली उतरली आणि जुन्या पायरीवरची माणसे अजून तिथेच बसलेली. नुसत्या बोटांनी पैसे ओळखणाऱ्या माणसाचे यात काय होत असेल, याचा विचार टांकसाळीने केला असेल असे नाण्यांवरून तरी दिसत नाही. सुट्या पैशांत विचित्र वाटणाऱ्या दहा नाण्यांपैकी नऊ अशी असतात. त्यांच्यात बिघाड काही नसतो, सरकारी खात्याचे मन बदललेले असते.

सालाच्या खाली मात्र भिंग हवेच. तिथे टांकसाळीची सही असते. चौकटच्या पत्त्यातला बारीक चौकोन असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा. कलकत्त्याचे चिन्ह कोणते? काहीच नाही. रिकामी जागा हीच त्याची सही. घरात जुना डबा असेल तर 1985 चा रुपया शोधून पाहा. सालाखाली इंग्रजी 'एच' सापडला तर तो बर्मिंगहॅमहून आलेला आहे. त्या काळात नाण्यांची इतकी टंचाई होती की, आपला रुपया परदेशात पाडून आणावा लागला.

खरा कस लागतो तो बिघडलेल्या नाण्यापाशी. इथे प्रश्न एकच: हे जन्मतः असे आहे की नंतर कुणी असे केले? संग्राहक पहिल्याला पैसे मोजतो, दुसऱ्याकडे पाहतही नाही. उत्तर धातू देतो. कोरी चकती दोन ठशांमध्ये सापडते, भोवती कडे असते, प्रचंड दाब पडतो आणि धातू क्षणभर पिठाच्या गोळ्यासारखा वाहून ठशाच्या खाचांत शिरतो. त्यामुळे टांकसाळीच्या चुकीत धातू वाहिलेला दिसतो, नंतरच्या करामतीत कापलेला, चेपलेला किंवा ओरखडलेला. पत्र्यातून चकती कापताना आधीच्या भोकावर सुरी पडली तर नाण्याला चावा घेतल्यासारखी चंद्रकोर येते. घरी कानशीने तशी कोर सहज काढता येते. पण खऱ्या कोरेच्या बरोबर समोरच्या बाजूची कड पुसट असते, कारण चावलेल्या जागी दाब अडायला धातूच नव्हता आणि समोरची कड उभी राहू शकली नाही. कानस चालवणाऱ्याला हे सुचत नाही. तो एक बाजू बिघडवतो, दुसरी बिघडवायचे विसरतो.

असेच 'लाखी'चे. आधी पाडलेले नाणे ठशाला चिकटून राहते, पुढची चकती त्यावर येऊन पडते आणि तिच्या एका बाजूला सरळ चित्र, तर दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटे आणि खोल उमटते. सिंह बाहेर, सिंह आत. दोन नाणी शेगड्यात आवळूनही आत गेलेले उलटे चित्र मिळते, पण त्याच्याखाली मूळ नक्षीचे चिरडलेले अवशेष राहतात. एका पानावर दोन मजकूर. खऱ्या लाखीत खाली काही नसते. ते पान कोरेच होते. दहाच्या नाण्याचा गाभा काढून कुणी फिरवून बसवला असेल तरी असेच पकडता येते. कडे आणि गाभा ठशाखाली एकत्रच जातात, म्हणून सांधा घट्ट असतो आणि दोहोंवरची अक्षरे एकाच दिशेने उभी असतात. गाभ्यातला सिंह कड्याच्या हिशेबाने कलला असेल तर तो घरीच कललेला आहे, असे बहुधा समजावे.

संग्राहकांशी माझे इथे थोडे बिनसते. रसाच्या दृष्टीने मला माणसाने बदललेले नाणे जास्त वाचनीय वाटते. टांकसाळीची चूक ही यंत्राची उचकी. माणसाच्या फेरफारामागे हेतू असतो. आपल्याकडच्या पुतळीहारातली पुतळीच घ्या. मूळ नाणे व्हेनिसचे, सोन्याचे डुकाट: एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला सत्ताधीश, दुसऱ्या बाजूला ख्रिस्त. व्यापारातून ते आपल्या किनाऱ्यावर आले. त्यावरच्या मानवाकृतींमुळे आपण त्याला पुतळी म्हटले, कडी लावली आणि गळ्यात घातले. मग सोनारांनी तशाच पुतळ्या घडवल्या. लॅटिन येत नव्हतेच. अक्षरांच्या जागी उभ्या रेघा आणि ठिपके आले. नकलेच्या नकलेत मजकूर विरघळला, आकृती राहिली. खोटे नाणे म्हणून याची किंमत शून्य, दागिना म्हणून सोळा आणे खरी. भोक पाडून दोऱ्यात ओवलेली शिवराई पाहिली तरी मला तेच वाटते. 'श्री राजा शिव' यातल्या नेमक्या एखाद्या अक्षरावर भोक पडलेले असते आणि संग्राहक हळहळतो. ज्या हाताने ते पाडले त्याला त्या नाण्याचे काहीतरी इतके मोलाचे वाटले होते की, ते खर्चण्यापेक्षा अंगावर ठेवावे.

तर टेबलावरचे शेवटचे नाणे, अंगठ्याचा रुपया. कडेला एका जागी चेचलेले; कुणीतरी त्याने स्क्रू पिळले असावेत. पाठीवर सिंहांच्या पायांशी, खाचांत काळपट थर. सालाखाली गोल ठिपका. नोएडा, मी म्हणालो आणि वहीत तशी नोंद केली. नाणे कधी घासू नये, हा या छंदातला पहिला नियम. पण ठिपका जरा जास्तच उंच वाटला. अंगठ्याने हलकेच दाबून पाहिला तर तो सुटला आणि बोटाला तांबडा लागला. कुंकू. कुठल्या तरी कलशासमोर, सुपारीशेजारी किंवा कुणाच्या ओटीत बसून आलेला रुपया. सालाखाली आता काहीच नव्हते.

वहीतले नोएडा खोडले आणि कलकत्ता लिहिले.