औपचारिक प्रसंगातील अपशब्द : औचित्याचा प्रश्न

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात अश्लीलाची गणना दोषांत केली आहे आणि व्रीडा, जुगुप्सा व अमंगल असे त्याचे तीन प्रकारही सांगितले आहेत. परंतु त्याच उल्लासात पुढे तो आपली ही यादी बरीच सैल करतो. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, यांच्या औचित्याने दोष हा क्वचित गुणही ठरतो. आणि दुसऱ्याच्या बोलण्याचे अनुकरण करताना तर दोषाला दोषपण उरतच नाही, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे शब्द आपल्या ठायी दुष्ट नसतो. तो कोणाच्या तोंडून कोणाच्या कानी पडतो, यावर त्याचे दुष्टत्व अवलंबून असते. नोकरीच्या मुलाखतीत किंवा कचेरीत शिवी चालावी काय, या प्रश्नाची अलीकडे जी चर्चा होते, तिच्यात नेमका हाच विवेक हरवलेला दिसतो. एक पक्ष शब्दांची यादी करून ते त्याज्य ठरवतो. दुसरा पक्ष तीच यादी पुढे करून ते शब्द म्हणजे मोकळेपणाचे, खरेपणाचे लक्षण होय असे सांगतो. दोघांचेही लक्ष शब्दावर खिळलेले आहे.

दुसऱ्या पक्षाला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे वाटले ते २०१७ मध्ये. गिलाड फेल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात अपशब्दांचा वापर आणि प्रामाणिकपणा यांचा अनुकूल संबंध असल्याचे प्रतिपादन केले. निबंधाचा एक भाग २७६ व्यक्तींच्या उत्तरांवर, तर दुसरा फेसबुकवरील सुमारे ७३ हजार व्यक्तींच्या लेखनावर आधारलेला होता. वृत्तपत्रांनी त्याचा सारांश 'शिव्या देणारा माणूस खरा असतो' एवढाच केला, आणि मुलाखतीला जाणाऱ्या उमेदवारांना सल्ला देणाऱ्यांनी तो उचलून धरला. परंतु पहिल्या भागात खोटेपणा मोजला कसा गेला, हे पाहणे आवश्यक आहे. 'आपण कधीही दुसऱ्याची वस्तू घेतली नाही', 'दिलेला शब्द नेहमी पाळला', अशा आशयाच्या विधानांना जो होकार देतो तो खोटे बोलतो, असे गृहीत धरणारी ती मोजपट्टी होती. माणूस इतका निर्दोष असूच शकत नाही, हा तिचा पाया. राइनाउट द व्ह्रीस आणि इतर संशोधकांनी २०१८ मध्ये या पायावरच बोट ठेवले. अशी उत्तरे देणाऱ्यांत खरोखरच सचोटीने वागणारे पुष्कळ असतात, आणि तसे वाचल्यास त्याच आकड्यांचा अर्थ उलटा होतो : प्रामाणिक माणसे अपशब्द अधिक नव्हे, तर कमी वापरतात. एकाच सामग्रीतून परस्परविरुद्ध निष्कर्ष निघत असतील तर त्यांपैकी कोणत्याही निष्कर्षाच्या भरवशावर उमेदवाराने निवडसमितीपुढे जीभ सैल सोडणे शहाणपणाचे नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

याहून अधिक उपयुक्त काम न्यूझीलंडमध्ये झाले आहे. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील जॅनेट होम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी साबणाच्या एका कारखान्यातील कामगारांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून अभ्यासले. त्यावरील निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. या कामगारांच्या एका घट्ट गटात तक्रार करताना, काम नाकारताना, एकमेकांची चूक दाखवताना एक विशिष्ट इंग्रजी शिवी सर्रास येते; आणि ती अपमान न करता उलट आपलेपणा दाखवते, असे या अभ्यासकांनी दाखवून दिले. येथे शिवीचे मोजमाप नाही, तिचे श्रवण आहे; म्हणूनच हा निबंध मोलाचा वाटतो. मात्र त्याचा निष्कर्ष एका गटाच्या आतल्या बोलण्यापुरता आहे. ज्याला शिवी दिली तो तीच शिवी त्याच क्षणी परत करू शकतो, ही त्या आपलेपणाची अट आहे. शिमग्यात बोंब मारणाऱ्याला सूट मिळते, ती त्या दिवशी सारेच बोंब मारतात म्हणून. दुसऱ्या दिवशी सावकाराच्या दारात एकट्याने बोंब मारली तर तिला कोणी सण म्हणत नाही.

हीच अट मुलाखतीच्या खोलीत कधीही पुरी होत नाही. टेबलाच्या एका बाजूस चार-पाच माणसे असतात आणि नोकरी त्यांच्या हाती असते. उमेदवाराने शिवी उच्चारली तर त्याला आपलेपणाचा अधिकार अजून मिळालेला नाही. समितीने उच्चारली तर त्याला ती परत करण्याची सोय नाही. समितीतील एखाद्या सदस्याने खेळीमेळीच्या सुरात अपशब्द वापरला, तर ते उमेदवाराला दिलेले निमंत्रण आहे असे काही जण मानतात. वस्तुतः ते निमंत्रण नसून आणखी एक परीक्षा असते, आणि तिचे नियम उमेदवाराला कोणी सांगितलेले नसतात.

याच विषमतेचे चित्र विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये पाहायला मिळते. १९७२ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले आणि परिनिरीक्षणाच्या वादातून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या वादात सखारामच्या भाषेविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. पण तो ती भाषा कोठे वापरतो, याकडे तितके लक्ष गेले नाही. छापखान्यातला हा बाइंडर नवऱ्याने टाकलेल्या बाईला घरी आणतो आणि पहिल्याच प्रवेशात तिला अटी ऐकवतो : जेवण, कपडालत्ता, कामे, घरातली शिस्त, नको असेल तर निघून जाण्याची मोकळीक. हा प्रवेश वाचताना एक प्रकारची मुलाखत चालली आहे असे वाटू लागते. आपण शिवराळ आहोत, व्यसनी आहोत, पण लपवाछपवी करत नाही, हा सखारामचा मोठा अभिमान आहे. 'शिव्या देणारा खरा असतो' या सिद्धांताचा तो जणू चालताबोलता पुरावाच. परंतु लक्ष्मीपुढे हा रोखठोकपणा चालतो, कारण तिला जायला दुसरे घर नाही. पुढे चंपा येते, त्याच अटी कानाआड करते, स्वतः त्याच भाषेत उत्तर देते, आणि सखारामचे अवसान गळू लागते. ज्या मोकळेपणाला प्रत्युत्तर सोसत नाही, तो मोकळेपणा म्हणजे मालकीचे दुसरे नाव होय, हे या दोन प्रवेशांच्या तुलनेतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही प्रश्नावलीतून होणार नाही.

तेंडुलकरांचेच दुसरे नाटक, 'शांतता! कोर्ट चालू आहे', १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. तेथे उलट प्रकार आहे. लीला बेणारे ही शिक्षिका खेळातल्या कोर्टात आरोपी म्हणून उभी राहते. वकील आहे, न्यायाधीश आहे, साक्षीपुरावे आहेत. सारे काही न्यायालयाच्या सभ्य भाषेत चालते. या भाषेला शिवीची गरज फारशी पडत नाही. तरी बेणारेच्या खाजगी आयुष्याच्या चिंध्या होतात, तिची नोकरी जाणार हेही त्याच भाषेत जाहीर होते. अपशब्दांवर बंदी घातली की कचेरी सभ्य झाली, असे समजणाऱ्यांनी हे नाटक अवश्य वाचावे.

मराठीत तर शिवीवाचून अपमान करण्याचे साधन व्याकरणातच ठेवलेले आहे. साहेबाला 'अहो', शिपायाला 'अरे'. साहेब वयाने धाकटा असला तरी. या एकेरीचा बोचरेपणा इंग्रजीवरून बेतलेल्या नियमावलीत कोठेच बसत नाही. उलट, ज्याच्या घरी-दारी 'च्यायला' हा उद्गार श्वासासारखा येतो, त्याच्या तोंडून तो मुलाखतीत निसटला की त्याचे 'संस्कार' काढले जातात. म्हणजे नियमाचा फटका बसतो तो बहुधा खालून येणाऱ्याला. वरच्याच्या शिवीला मात्र 'साहेबांचा स्वभाव तापट' असे म्हणण्याची रीत आहे. या विषयाचा खरा डंख येथे आहे.

कायद्याने या बाबतीत काही प्रमाणात दिशेचा विचार केला आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी २०१३ मध्ये झालेल्या कायद्यात लैंगिक अर्थाची शेरेबाजी छळात मोडते. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणाऱ्या १९८९ च्या कायद्यात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने केलेली शिवीगाळ स्पष्टपणे गुन्हा ठरवली. जातीचे नाव हे कोशात शिवी म्हणून नोंदलेले नसते. ते शिवी होते ते बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या स्थानामुळे.

राहता राहिला अनुकरणाचा अपवाद, आणि तो विद्यापीठीय मुलाखतींत तरी फार महत्त्वाचा आहे. मराठीच्या अध्यापकपदासाठी आलेल्या उमेदवाराला नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'विषयी विचारले, किंवा शिमग्याच्या लोकगीतांवर बोलण्यास सांगितले, आणि त्याने त्यांतील शब्द उच्चारले, तर तो शिवी देत नाही, शिवीचा उल्लेख करतो. जमावाच्या घोषणा शब्दशः सांगणारा पोलीस अधिकारी किंवा पीडितेची तक्रार नोंदवणारी समिती यांचेही तेच. येथे शब्द गाळून पुढे जाणारा उमेदवार सभ्य असेल, पण त्याने अर्धेच उत्तर दिलेले असते. त्याच्याकडून पुरा शब्द काढून घेण्याचे धैर्य समितीपाशी असले पाहिजे. एरवी मुलाखतीतील उमेदवाराने शिवी टाळावी, हे उत्तर व्यवहारापुरते बरोबरच आहे. ते देताना समितीच्या सदस्यांनी आपल्या बोलण्याकडेही कान द्यावा. उमेदवारापुढे 'आपण बसावे' म्हणणारे अध्यक्ष त्याच दमात चहा घेऊन आलेल्या, वडिलांच्या वयाच्या शिपायाला 'अरे, ठेव तिकडे' म्हणतात, आणि उमेदवार तेही ऐकत असतो.