डोयादेखत

शपथपत्राला कुणी वाङ्मय म्हणत नाही. स्टॅम्पपेपर, नोटरीचा शिक्का, ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ ही ठरलेली सुरुवात. त्यात रस कसला शोधायचा? तरी स्वातंत्र्यसैनिकाच्या विधवेला निवृत्तिवेतन मिळावे म्हणून त्याच्या जुन्या सोबत्याने दिलेली साक्ष कवितेसारखी थांबत थांबत वाचावी, असे मला वाटते.

केंद्राची योजना १९७२ ची. १९८० मध्ये उत्पन्नाची अट गेली. तुरुंग भोगलेल्याचे काम त्यातल्या त्यात सोपे, दप्तर शाबूत असेल तर. भूमिगताचे काय? राज्याच्या १९९५ च्या शासननिर्णयाने त्याच्यासाठी दोन स्वातंत्र्यसैनिकांची शपथपत्रे मागितली, आणि ते दोघेही किमान दोन वर्षे शिक्षा झालेले किंवा तितका काळ फरारी असलेले हवेत. रूक्ष वाटणारी ही अट नीट वाचली तर साक्षीदार इथे जामीनदार झालेला दिसतो. तारण म्हणून त्याने शेत लावलेले नाही, स्वतःच्या आयुष्यातली दोन वर्षे लावली आहेत.

खानदेशात या अटीला वेगळीच धार येते. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात गोळी लागून पडलेल्या शिरीषकुमारला आणि त्याच्या चार सोबत्यांना पुरावा लागत नाही. अख्खा चौकच त्यांचा साक्षीदार. पण १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, ते काम निराळे. डॉ. उत्तमराव पाटलांची खानदेशी माणसे आणि साताऱ्याकडून आलेले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांची नावे इतिहासात आली. अशा भूमिगतांना ज्यांनी रात्री दार उघडले, निरोप पोचवले, त्यांचे काय? चांगला भूमिगत तोच, ज्याचा कागद पोलिसांच्या हाती लागत नाही. पन्नास वर्षांनी सरकार नेमका तोच कागद मागते. म्हणून सगळी भिस्त सोबत्याच्या आठवणीवर.

अशी एखादी साक्ष कल्पनेने समोर ठेवू. धुळ्याच्या कचेरीबाहेर टंकलेखक बसला आहे, म्हातारा अहिराणीत सांगतो आहे. तो म्हणतो, ‘मन्हा डोयादेखत.’ कागदावर उमटते, ‘माझे समक्ष’. खरे तर ‘समक्ष’मध्येही डोळा आहेच, ‘अक्ष’ म्हणजे डोळा. पण वापरून वापरून तो इतका झिजला की आता दिसत नाही. ‘डोयादेखत’मध्ये मात्र डोळाही उघडा आणि बघणेही चालू. टंकलेखकाची चूक नाही, साचाच तसा. पुढे म्हातारा ‘वहिनी’ म्हणतो, कागद ‘अर्जदार’ म्हणतो. वहिनीने मध्यरात्री चूल पेटवून दादर ज्वारीची भाकरी आणि ठेचा बांधून दिला, धूर दिसू नये म्हणून आधी दार ओढून घेतले, हे तो सांगणारच. कारण तो त्या घरी जेवला, म्हणून तर त्याला सारे ठाऊक! साक्षीचा खरा कणा हाच, आणि रकान्यात न बसणाराही हाच.

खोटी साक्ष इथेच उघडी पडते असे मला वाटते. तिच्यात तारखा सरळ रेषेत येतात, भाकरी येत नाही. बीड जिल्ह्यातली बोगस स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणे न्या. पालकर आयोगापर्यंत आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तेव्हापासून प्रत्येक म्हाताऱ्याकडे संशयाने पाहण्याची सोय झाली. त्याआधी २००१ मध्ये गुरदयाल सिंग खटल्यात याच न्यायालयाने सांगितले होते की या दाव्यांना फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नका. दोन्ही निकाल आपापल्या जागी योग्य. अडचण त्यांच्या मधल्या फटीत उभ्या असलेल्या बाईची. २०२१ मध्येही नव्वदीतली रायगडची एक विधवा मुंबई उच्च न्यायालयात उभी होती, आणि नवऱ्याच्या तुरुंगवासाचे जुने दप्तर नष्ट झालेले होते.

भाकरीची ही गोष्ट आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत १८३६ च्या कायद्याने स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना निवृत्तिवेतन मिळू लागले. पुढच्याच वर्षी सारा ऑस्बॉर्न या ऐंशी ओलांडलेल्या बाईने जबानी दिली. विचारले होते नवऱ्याच्या नोकरीबद्दल. सांगता सांगता ती यॉर्कटाउनच्या खंदकात पोचली: तिथे ती सैनिकांना मांस, पाव आणि कॉफी नेऊन देत होती. वाटेत खुद्द वॉशिंग्टनने विचारले, तोफगोळ्यांची भीती नाही का वाटत? लढायचे आणि वर उपाशीही राहायचे, हे कसे चालेल, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले. दाव्याला या उत्तराची काडीइतकी गरज नव्हती. आज ती जबानी वाचली जाते ती त्याच्यासाठी.

धुळ्याच्या कागदावर परत येऊ. म्हाताऱ्याने आपल्या दोन वर्षांच्या शिक्षेला एक ओळ दिली आहे, मित्राला दीड पान. भाकरी टंकलेखकाने गाळली, कारण तिला मुद्दा क्रमांक देता येईना. सोबत विधवेचे स्वतःचे शपथपत्र जोडलेले असते. त्याची पहिली ओळ सगळीकडे सारखीच: नाव, वय, राहणार, आणि मग धंदा – घरकाम.