सव्वीस टक्के कुठून आले?

व्यसनमुक्तीचा एखादा अहवाल हाती आला की आम्ही आधी शोधतो, तो उपचार न मिळालेल्यांचे काय झाले हा आकडा. बहुधा तो नसतोच. गोव्यातील 'संगाथ' ही संस्था आणि 'लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन' यांच्या संशोधकांनी मिळून केलेला, 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली छापलेला अभ्यास (अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आदी) याला अपवाद आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले, अपायकारक प्रमाणात दारू पिणारे ३७७ पुरुष त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकाला केंद्रातले नेहमीचेच, थोडे सुधारलेले उपचार. दुसऱ्याला त्याखेरीज समुपदेशन. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातले ३६ टक्के अपायकारक पातळीच्या खाली आले. आणि दुसऱ्या गटातले? २६ टक्के!

दुसरा गट नसता तर छत्तीसच्या छत्तीस समुपदेशनाच्या खात्यावर जमा झाले असते. त्याचे श्रेय दहाचे. तेही थोडे नाही. मात्र पीत राहिलेल्यांच्या दारूचे प्रमाण घटलेले दिसले नाही, आणि किती प्यालो हे ज्याने त्याने स्वतःच सांगितलेले आहे. लेखक हे लपवत नाहीत. त्यांचे कौतुक करणारे विसरतात.

हाच अभ्यास पिंपरी-चिंचवड किंवा चाकणला करायचा झाला तर? कंत्राटी कामगाराची पाळी बदलते, कंत्राट संपले की खोलीही बदलते. गोव्यात दहातले जवळजवळ नऊ जण तीन महिन्यांनी पुन्हा भेटले. समजा, इथे १०० पैकी ४० भेटलेच नाहीत आणि उरलेल्या ६० पैकी ३० सुधारले. यश ५० टक्के म्हणायचे की ३०? हे गणित वर्गात जरूर घालावे.

हरवलेला माणूस शोधणे विद्यापीठाला जमत नाही. पुण्यात १९८६ पासून चालू असलेल्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रांना पाठपुराव्याची सवय असते. बायकोला विचारायचे की खोलीतल्या सोबत्याला, हे तिथल्या कार्यकर्त्याला कळते. त्याच्या हाती नुसती तयार प्रश्नावली देऊन 'भरून आणा' म्हटले, तर हे ज्ञान वायाच गेले. प्रश्न ठरवतानाच तो बैठकीत हवा. आणि उत्तरे ठेकेदारापर्यंत जाणार नाहीत, ही हमी कामगाराला आधी मिळायला हवी. नाही तर पहिल्याच प्रश्नाला तो सांगेल, "मी पीत नाही."