यंत्रवाचन आणि पाठनिर्णय

जुन्या लेखांच्या वाचनांत कृत्रिम बुद्धिमत्तेचें साह्य घ्यावें कीं न घ्यावें, हा वाद आतां निरर्थक झाला आहे. तें कोणत्या अटींवर घ्यावें, इतकाच प्रश्न उरतो.

प्राचीन ग्रीक शिलालेखांकरितां केलेल्या ‘इथाका’ ह्या प्रणालीवरील निबंध मार्च २०२२ मध्यें ‘नेचर’ नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. गळालेलीं अक्षरें भरण्याच्या परीक्षेंत एकट्या विद्वानांस शेंकडा २५, एकट्या यंत्रास ६२, व यंत्राच्या सूचना समोर ठेवून काम करणाऱ्या विद्वानांस ७२ इतकें यश आलें. ह्यांतील मर्म असें कीं, ही प्रणाली एकच पाठ न सांगतां संभाव्यतेच्या क्रमानें अनेक पाठ पुढें मांडते. निवड विद्वानाकडेच राहते.

मोडीच्या बाबतींत २०२५ सालीं ‘मोडेट्रान्स’ हा २,०४३ प्रतिमांचा संग्रह देवनागरी लिप्यंतरासह पुढें आला. हा उद्योग स्तुत्य होय. तथापि मोडींत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं, आणि इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घभेदहि बहुधा पाळलेला नसतो. ‘दिन’ कीं ‘दीन’ हें अक्षर सांगत नाहीं, संदर्भ सांगतो. म्हणजे देवनागरी प्रत ही केवळ नक्कल नसून अर्थनिर्णय आहे. तो निर्णय यंत्रानें संशयाचें चिन्ह न ठेवतां केला, तर वाचकाची फसगत ठरलेली. अडाणी लेखकाची चूक डोळ्यांस खुपते. यंत्राची चूक शुद्ध मराठींत येते, म्हणून निसटते.

शेंकडा इतकीं अक्षरें बरोबर, हें मापहि आम्हांस अपुरें वाटतें. पत्राचा मायना ठराविक असतो. तो यंत्रास सहज साधेल. पण सनदेंतील गांवाचें नांव किंवा तिथि एका अक्षरानें चुकली, तर वतनाचा इतिहासच फिरतो, आणि एकदां छापलेला पाठ पुढील लेखक डोळे मिटून उतरून घेतात.

उपाय आमच्या संपादनपरंपरेंतच आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत डॉ. सुखटणकरांनीं संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ दिली. यंत्रवाचनहि मूळ पत्राचें छायाचित्र, पर्यायी पाठ व अशी रेघ यांसह छापावें. ह्या साधनाचा सराव करूं इच्छिणाऱ्या संशोधकानें प्रथम स्वतः वाचून तपासलेलीं पत्रें यंत्रास द्यावीं, त्याच्या चुकांची जात ओळखावी, आणि मगच न वाचलेल्या रुमालांस हात घालावा.