रस्त्याच्या मापाची मोटार

या पत्रिकेत कवितासंग्रहांची आणि नाटकांची समीक्षा वाचण्याची सवय असलेल्या वाचकांपुढे मोटारीची समीक्षा ठेवताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. परंतु गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरात जो वाद चालू आहे, तो ऐकता ऐकता हा विषय वाटतो तितका साहित्यबाह्य नाही, असे आमचे मत झाले. वादाचे मूळ सांगतो. आमच्याकडे १९९८ साली घेतलेली मारुती ८०० आहे. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर २०१३, २०१८ आणि २०२३ अशी तीनदा आम्ही तिची मुदत वाढवून घेतली. आता २०२८ पर्यंत तिला रस्त्यावर फिरण्याचा परवाना आहे. चिरंजीवांचे म्हणणे असे की, ही आता विकावी आणि त्यांच्यासारखीच एक उंच, भारदस्त गाडी घ्यावी. त्यावर आम्ही एकदा बोलून गेलो की, ‘तुझी गाडी चालवताना मजा येत नाही.’ चिरंजीवांनी विचारले, ‘मजा म्हणजे नेमके काय?’ सरकारी सेवेत तीन दशके टिपणे लिहूनही या एका प्रश्नाचे टिपण आम्हांला चटकन लिहिता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत मोटारींचे परीक्षण येते, त्यात पहिला मान एका आकड्याला असतो : गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठते. आम्ही विचारतो, हा प्रयोग पेडणे तालुक्यात करायचा कोठे? चोपड्याहून आगरवाडा, पार्से, तुये करीत पेडण्याला येणारा रस्ता घ्या, नाही तर डिचोलीहून नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराकडे जाणारा घ्या. एका बाजूस चिऱ्याची गडगी, दुसऱ्या बाजूस शेत किंवा कुळागर, दर दोनशे पावलांवर वळण, वळणापलीकडे घुमटी, शाळा, सांकव किंवा रवंथ करीत बसलेली गाय. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी दर सेकंदाला अकरा मीटर पुढे सरकते, आणि १०० ने जाणारी जवळजवळ अठ्ठावीस. ज्या वळणापलीकडचे वीस मीटरदेखील दिसत नाहीत, तेथे अठ्ठावीस मीटरांचा हिशेब निरुपयोगी आहे. असे परीक्षण म्हणजे काव्याची प्रत त्याच्या पृष्ठसंख्येवरून ठरवण्यासारखे आहे.

अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्य हे रसयुक्त काव्याचे जीवित मानले. अलंकार कितीही मोलाचा असो, तो योग्य जागी नसेल तर शोभा न देता हसे करतो. कमरपट्टा कोणी गळ्यात घालीत नाही. मोटारीच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी, असे आम्ही सुचवितो. गाडीचे गुण गाडीत एकट्याने नांदत नाहीत. ज्या रस्त्यावर ती चालते, त्याच्या संबंधाने ते गुण ठरतात. आपल्या प्रदेशात रस्त्याचे हे औचित्य राज्यकर्त्यांनीही मानलेले दिसते. पोर्तुगालने १९२८ साली आपली रहदारी डावीकडून उजवीकडे नेली, परंतु गोव्यात ती डावीकडेच राहिली. शेजारच्या मुलखातले रस्ते डावीकडून चालत असता सीमेवर बाजू बदलणे व्यवहार्य नव्हते. लिस्बनचा नियमदेखील येथल्या रस्त्यापुढे थबकला.

आता प्रत्यक्ष परीक्षणाकडे वळू. आम्ही दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, चोपडे ते पेडणे, अनेकदा चालवल्या. चिरंजीवांची गाडी उत्तम आहे, हे प्रथम नमूद करतो. आत थंडावा, इंजिनाचा आवाज नाही, खड्डा आला तरी पोटातले पाणी हलत नाही. पण ४० च्या वेगाला ती जणू झोपेत असते. स्टिअरिंगला विजेची मोटर साहाय्य करते, त्यामुळे चाकाखाली डांबर आहे, वाळू आहे की ओला पाचोळा, हे हातांना कळत नाही. गिअर आपोआप पडतात, म्हणून डाव्या पायाला आणि डाव्या हाताला काम नाही. गाडीला जाग येते ती सत्तरीच्या पुढे, आणि तो वेग त्या रस्त्याचा नव्हेच.

आमच्या ८०० ची गोष्ट निराळी. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे इंजिन, बारा इंची चाके आणि वजन सुमारे साडेसहाशे किलो. आजच्या उंच गाड्या बाराशे-तेराशे किलोच्या असतात. वजन दुप्पट झाले की, त्याच वेगाने वळताना आणि थांबताना टायरांना आवरावा लागणारा भारही दुप्पट होतो. हलकी गाडी मात्र थोडक्या शक्तीत वळते आणि थोडक्या वेगातच बोलू लागते. आगरवाड्याच्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ला असताना पुढच्या चाकांचा कल बोटांना कळतो. बॉनेट उतरते, काचेजवळचे खांब बारीक आणि बसण्याची जागा जमिनीजवळ असल्याने रस्त्याची कड दिसते आणि ४० चा वेग ४० सारखाच वाटतो. अरुंद असल्यामुळे समोरून कदंबची बस आली, तरी आपल्या बाजूस हातभर जागा उरते. ती हातभर जागा म्हणजे वळणाची रेघ निवडण्याचे स्वातंत्र्य होय.

आमच्या लयब्रह्म खाप्रूमाम पर्वतकरांविषयी वडीलधारी मंडळी सांगत, की ते हातापायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरीत. आम्हां सामान्यांना तो अधिकार कोठला? तरीही सांकवावर चढताना क्लच, गिअर आणि ॲक्सिलरेटर यांची सम अचूक साधली आणि गाडीने हिसका न देता चढ घेतला, म्हणजे दोन हात आणि दोन पाय एका लयीत आल्याचे अल्पसे समाधान मिळते. चिरंजीवांना हवे असलेले उत्तर येथे आहे. रस्ता जेवढा वेग देऊ शकतो, तेवढ्या वेगातच जी गाडी चालकाला पुरेसे काम आणि त्या कामाचा तत्काळ प्रतिसाद देते, तिच्यात आनंद असतो.

हे केवळ आमचे गावठी मत नव्हे. १९५९ साली इंग्लंडमध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी रचलेली ‘मिनी’ जेमतेम तीन मीटर लांबीची आणि दहा इंची चाकांची होती. काटकसरीसाठी जन्मलेली ही गाडी पुढे चालवण्याच्या आनंदासाठी नावाजली गेली. १९८९ साली जपानच्या माझ्दा कंपनीने ‘एमएक्स-५’ ही दोन आसनांची हलकी गाडी आणली. तिच्या रचनाकारांनी घोडा आणि स्वार यांच्या एकरूपतेची जपानी कल्पना समोर ठेवली होती. ती फार वेगवान नव्हती, तरी तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. जुने ते सगळे आनंददायक, असे आम्ही म्हणत नाही. सेवेच्या आरंभी आम्ही खात्याच्या जीपमधून साखळी, केरी, चोर्ला असा दौरा करीत असू. ते स्टिअरिंग फिरवताना चालकाचे खांदे भरून येत. स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर असलेली प्रीमियर पद्मिनी आमच्या एका नातलगाकडे होती. तिला लाडीगोडी लावावी लागे, आणि पावसात तिचे ब्रेक ओले झाले की देवाचे नाव घ्यावे लागे. श्रम म्हणजे आनंद नव्हे. आम्ही प्रतिसाद म्हणतो तो वेगळा. जड स्टिअरिंग चालकाला थकवते, बोलते स्टिअरिंग त्याला सावध करते. २०१२ पूर्वी डिचोली-साखळीच्या रस्त्यांवर खनिजवाहू ट्रकांच्या रांगेत, तांबड्या धुळीत ज्यांनी दिवस काढले, त्यांना कोणत्याच गाडीत रस भरणे शक्य नव्हते, हेही मान्य केले पाहिजे.

आता आमच्या मताविरुद्धचा पुरावा, जो आम्ही स्वतःच देणे लागतो. गेल्या दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी आम्ही चिरंजीवांची गाडी घेऊन पेडण्याकडे निघालो होतो. काचा बंद, आत नाट्यगीत चालू. पार्सेजवळच्या एका वळणावर समोर सायकलवरचा पोदेर आला, पाठीमागे पावांची टोपली, आणि त्याच्या भोंग्याचा आवाज आम्हांला बंद काचांतून ऐकूच आला नव्हता. आम्ही कचकन ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, चाके न घसरता, त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. काट्याकडे पाहिले होते ते क्षणभर आधी : ६५. त्या रस्त्यावर आयुष्यात आम्ही कधी ६५ ने गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो आणि आम्हांला पत्ताही नव्हता. पोदेर काहीच बोलला नाही. टोपली सावरून त्याने आमच्याकडे एकदा पाहिले आणि तो निघून गेला. ती नजर अजून आमच्या मनातून जात नाही.

घरी येऊन आम्ही दोन गोष्टी कागदावर मांडल्या. पहिली, ज्या गाडीने वेग आमच्यापासून लपवला, तिच्यामुळेच आम्ही ६५ वर पोहोचलो. दुसरी, तेथेच आम्ही आमच्या ८०० मध्ये त्याच वेगाने असतो, तर चाके अडकून गाडी घसरली असती आणि तो माणूस वाचलाच असता असे सांगता येत नाही. चाके अडकू न देणारी ब्रेकयंत्रणा २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली, ती उगाच नव्हे. २०१४ साली ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची धडक-चाचणी केली. त्यांत आमच्या ८०० ची धाकटी बहीण शोभावी अशी अल्टो ८०० होती. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात पाचही गाड्यांना एकही तारा मिळाला नाही. बारीक खांबांतून रस्ता छान दिसतो, पण गाडी उलटली तर तेच खांब डोक्यावरचे छप्पर धरतात. शिवाय सौभाग्यवतींचे गुडघे आता त्या खालच्या आसनातून उठताना तक्रार करतात. चालकाच्या आनंदाची किंमत शेजारी बसणाऱ्याने का मोजावी, या त्यांच्या प्रश्नाला क्षेमेंद्राकडेही उत्तर नसावे.

तरीही मूळ मुद्दा सोडावा, असे आम्हांला वाटत नाही, आणि त्याचे कारण मजेपेक्षा मोठे आहे. आज राष्ट्रीय महामार्ग ६६ बऱ्याच भागात चौपदरी झाला आहे. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली आणि धारगळहून तिकडे जाणारा प्रशस्त मार्ग झाला. त्या मार्गांवर चिरंजीवांची गाडी शोभून दिसते. तेथे आमची ८०० च अनुचित ठरते, ट्रकाच्या वाऱ्याने ती हलते. पण माणूस महामार्गासाठी घेतलेली गाडीच गावात आणतो. मग कोरगावच्या किंवा मयेच्या रस्त्यावर ती मावत नाही. गाडीला रस्ता अपुरा वाटू लागला, की चालकाला रस्त्याकाठचे गाव अडथळा वाटू लागते. चिऱ्याची गडगी मागे घ्या, वड तोडा, घुमटी हलवा, अशी मागणी मग आपलीच माणसे ग्रामसभेत करतात. कमरपट्टा गळ्यात बसत नाही म्हणून गळा रुंद करण्याचा हा प्रकार आहे. ज्यांच्या सात पिढ्या या वाड्यांवर नांदल्या, त्या आपल्या घराण्यांनी तरी गाडी निवडताना रस्त्याचे माप घ्यावे.

मोटार बनविणाऱ्यांकडे आमचे मागणे मोठे नाही. वजन आवरलेले, रुंदी बेताची, चहूकडचे दिसणारे, हाताला रस्ता सांगणारे आणि तरीही आजचे ब्रेक नि एअरबॅगा असलेले वाहन त्यांनी टिकवून ठेवावे. साडेसातशे-आठशे किलोच्या अशा गाड्या अजून बाजारात मिळतात. त्यांना गरिबाची गाडी म्हणून नाक मुरडण्याचे आपण थांबवले, तर त्या पुढेही मिळत राहतील.

वादाचा निकाल सांगून लेख पुरा करतो. उंच गाडी घेण्याचे रद्द झाले. नवी, छोटी, हातगिअरची गाडी घेण्याचे ठरले. तिचे आसन सौभाग्यवतींनी स्वतः दोनदा बसून-उठून पसंत केले. ८०० ही २०२८ पर्यंत घरात राहील, पण अंधार पडल्यावर आणि पावसात ती बाहेर काढायची नाही, ही अट आम्ही मान्य केली आहे. आणखी एक अट आम्ही आमची आम्हीच घालून घेतली : गावच्या रस्त्यावर, कोणत्याही गाडीत, उजवीकडची काच उघडी ठेवायची. पोदेराचा भोंगा ऐकू आला पाहिजे.