मिल्टनचा न्यायाधीश

ईश्वर पापाचा न्याय करतो, हें ख्रिस्ती तत्त्व आमच्याकडील सुशिक्षितांस बहुधा नरकाग्नीच्या वर्णनांवरूनच ठाऊक असतें. आणि त्यामुळें ख्रिस्ती सदाचार भयावर उभारलेला आहे, असा त्यांचा समज होतो. हा समज पारखून पाहण्यास मिल्टनच्या ‘पॅरॅडाइज लॉस्ट’ या महाकाव्याच्या (१६६७) आजच्या बारा सर्गी पाठांतील दहावा सर्ग फार उपयोगी आहे.

आज्ञाभंग करून लपलेल्या आदाम व हव्वा यांचा न्याय करण्यास पिता पुत्रास पाठवितो. आदाम लांबलचक सबबी सांगून दोष हव्वेवर ढकलतो. हव्वा सर्पाचें निमित्त सांगते, पण एका ओळींत अपराध कबूल करते. निकालांत सूट नाहीं. श्रम, प्रसूतिवेदना, मृत्यु हीं सर्व सुनावलीं जातात. परंतु निकाल देऊन होतांच तोच न्यायाधीश त्या दोघांस कातड्याचीं वस्त्रें घालतो.

हीं वस्त्रें ‘उत्पत्ती’च्या तिसऱ्या अध्यायांतहि आहेत. त्या अध्यायांत पश्चात्तापाचा प्रसंग मात्र नाहीं. तो मिल्टननें घातला. त्याचा आदाम विलाप करतो, हव्वेस झिडकारतो. ती त्याचे पाय धरते आणि सर्व शिक्षा आपल्या एकटीवर यावी असें म्हणते. शेवटीं जेथें निकाल ऐकला त्याच जागीं जाऊन दोघें अश्रूंनीं क्षमा मागतात. तेथें जाण्याचें धैर्य कोठून आलें? न्यायाधीशानें रागें न भरतां किती सौम्यपणें न्याय केला व आपल्यास वस्त्रें दिलीं, याची आदामास आठवण होते. श्रमाचेंहि त्यास भय उरत नाहीं. आळस याहून वाईट ठरला असता, असें तो म्हणतो. भयानें लपलेला मनुष्य दयेच्या आठवणीनें परततो आणि शिक्षा म्हणून मिळालेलें काम आपलें म्हणून पत्करतो. ख्रिस्ती जीवनाचा आरंभ मिल्टनच्या मतें येथें आहे.

तिसऱ्या सर्गांतील पिता मात्र वकिलासारखा स्वतःचें समर्थन करीत बसतो. त्याचें बोलणें तर्कास पटलें तरी मनास स्पर्श करीत नाहीं, आणि हा काव्यांतील मोठाच दोष आम्ही समजतों.

कर्मफळाच्या कल्पनेंत वाढलेल्या आपल्या वाचकांस हा सर्ग विशेष विचारणीय वाटेल. फळ भोगणें दोन्हीकडे अटळच आहे. पण येथें तें सुनावणारा अपराध्यास हांक मारून शोधीत येतो. न्याय वगळून केवळ प्रेम ठेवावें, असें म्हणणारांनीं आणि केवळ भय ठेवावें, असें म्हणणारांनींहि तो अवश्य वाचावा.