टाळी पडणं आणि पटणं

दरवर्षी १४ एप्रिलच्या आठवड्यात आमच्याकडं धानोऱ्यात पोरांची भाषणं होतात. मला परीक्षक म्हणून बसवतात. मी फार शिकलेला नाही. दहावीला गणितात आपटलो आणि जिनिंग मिलमध्ये लागलो. कविता लिहितो म्हणून मान देतात एवढंच. पुढ्यात गुणांचा कागद असतो. त्यावर रकाने असतात : उच्चार, पाठांतर, हावभाव, वेळ. ‘पटलं का?’ असा रकाना मी आजवर एकाही कागदावर पाहिला नाही. माझं भांडण त्या कागदाशी आहे.

यंदा एका पोरानं पहिला नंबर मारला. मीही त्याला गुण दिले, खोटं कशाला बोलू. भाषणात वाघ होता, सूर्य होता, ज्वालामुखी होता, मुठी वळलेल्या होत्या. मांडव हलला. खाली उतरल्यावर मी त्याला जवळ घेतलं नि विचारलं, ‘‘बाळा, बाबासाहेब महाडला गेले तेव्हा त्यांनी लोकांना नेमकं काय सांगितलं रे?’’ पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. मग म्हणालं, ‘‘भाऊ, सरांनी लिहून दिलं होतं तेवढंच पाठ केलं.’’

पोराचा दोष नाही. मांडवात बसलेले आम्ही सगळे आधीच जयभीमवाले. ज्याला पटलेलं आहे त्याला पुन्हा पटवून टाळी घ्यायची, ही आपली सवय झाली. ज्याला पटलेलं नाही त्याच्यापुढं उभं राहायची वेळ आली की आपली जीभ टाळूला चिकटते.

हे मी दुसऱ्याला हिणवायला लिहीत नाही. माझी स्वतःची गोष्ट सांगतो.

मागच्या एका हंगामात मिलमध्ये हमालीच्या दरावरून कुरबूर चालली होती. एका दुपारी मी गठाणीवर चढलो आणि बोललो. काय बोललो! रक्त, घाम, आग, बेड्या, सगळं आलं. पंधरा मिनिटांत माणसं गेटबाहेर. मला वाटलं, झाली क्रांती. दुसऱ्या दिवशी मालकाच्या माणसानं विचारलं, दर किती पाहिजे? आत्ता किती मिळतो? शेजारच्या मिलमध्ये किती आहे? कुणाचे किती रोज बुडाले? माझ्यापाशी एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी लोक जुन्याच दरावर आत गेले. दोन म्हाताऱ्यांना परत घेतलंच नाही. त्यातले एक काका मला रस्त्यात भेटले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाले, ‘‘पोरा, तू मला रडवलंस. पण सांगितलं काहीच नाहीस.’’

त्या वाक्यानं माझी झोप गेली. तेव्हापासून बोलणं म्हणजे काय, ते माणसावर कसं काम करतं, हे शोधायला लागलो. मिळेल ते वाचलं. आता आठवड्यातून दोन रात्री पाचसात पोरंपोरी जमवून तेच शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, बरोबर शिकतो.

ग्रीस देशात अॅरिस्टॉटल नावाचा माणूस होऊन गेला, तेवीसशे वर्षांपूर्वी. त्यानं वक्तृत्वावर ग्रंथ केला. त्याचं म्हणणं साधं आहे. ऐकणाऱ्याला पटतं ते तीन वाटांनी. एक, बोलणारा कोण आहे, विश्वासाचा आहे का. दोन, ऐकणाऱ्याच्या काळजात काय हललं. तीन, सांगितलेल्या गोष्टीत कारण आहे का, पुरावा आहे का. पोरांना लक्षात राहावं म्हणून मी तीन ‘म’ केले : माणूस, मन, मुद्दा.

बाजारात औषध विकणारा बघा. आधी सांगतो, माझा बाप जडीबुटीवाला, आजा जडीबुटीवाला. हा माणूस. मग सांगतो, तुमच्या लेकराला रात्री खोकला येतो तेव्हा आईच्या जिवाची काय तगमग होते. हे मन. मग बाटलीतलं पाणी रंग बदलून दाखवतो. हा मुद्दा, खरं तर मुद्द्याचं सोंग. मत मागायला येणाराही याच तीन वाटांनी येतो. पोरं निळ्या, लाल आणि काळ्या पेन्सिली घेऊन बसतात. मोबाईलवर आलेलं एखादं भाषण ऐकायचं, वहीत उतरवायचं, माणूस निळ्यानं, मन लालनं, मुद्दा काळ्यानं अधोरेखित करायचा. पहिल्याच रात्री एक पोरगी म्हणाली, ‘‘भाऊ, पान सगळं लालच झालं.’’ माझं गठाणीवरचं भाषण लिहिलं असतं तर तेही तसंच झालं असतं.

आता कुणी म्हणेल, मन वाईट आणि मुद्दा चांगला असं शिकवता का? अजिबात नाही. मन नसेल तर माणूस जागचा हलत नाही. तिन्ही लागतात. कुठं, किती, कशासाठी, हा प्रश्न आहे. त्यासाठी महाड वाचावं लागतं.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव पास झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. म्हणजे मुद्दा कागदावर होता. तरी तळ्यावर जायची कुणाची छाती होईना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्या आपल्या माणसांवर हल्ले झाले, डोकी फुटली. बदला घ्यायला आपली माणसं तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं.

डिसेंबरात पुन्हा परिषद. २५ तारखेच्या भाषणात बाबासाहेबांनी महाडची तुलना कशाशी केली? १७८९ सालच्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी. गावकुसाबाहेरच्या माणसाला सांगितलं की तुझी सभा जगाच्या इतिहासात कुठं बसते. नुसती पाण्याची गोष्ट नाही, माणूस म्हणून उभं राहायची गोष्ट आहे, हे त्यांनी उलगडून दाखवलं. पेन्सिल घेऊन बसलात तर कोड्यात पडाल. वाक्य काळंही आहे आणि लालही. मुद्दाच असा मांडला की त्यातूनच मन पेटलं. त्याच दिवशी मनुस्मृती जाळली. तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते, हेही पोरांना सांगतो. ठराव कुणाच्या तोंडून येतो, याचंही वजन असतं.

पण माझ्या मते खरी परीक्षा पुढं होती. विरोधकांनी कोर्टातून तळ्यावर जायला मनाई आणली होती. तुरुंगात जायला तयार म्हणून हजारो लोकांनी नावं दिलेली. कलेक्टर परिषदेत येऊन बोलून गेला. सत्याग्रह करायचाच, असं लोकांचं मन झालेलं. आणि २७ डिसेंबरला बाबासाहेबांनी त्याच लोकांना सत्याग्रह तहकूब करायला सांगितलं.

विचार करा. आदल्या दिवशी ज्यांना पेटवलं त्यांनाच थांबा म्हणायचं! मी असतो तर टाळी गमवायच्या भीतीनं बोललोच नसतो. बाबासाहेबांनी मुद्दा मांडला : आपलं भांडण स्पृश्यांशी आहे, कोर्टाचा हुकूम मोडून सरकारलाही अंगावर घ्यायचं का? लोकांची तयारी त्यांनी कमी लेखली नाही. लोकांनी ऐकलं. नुसती मिरवणूक काढली आणि परतले. खटला चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात आपण जिंकलो. ज्याच्या शब्दानं जमाव उठतो त्याच्याच शब्दानं जमाव बसतो, तेव्हा समजावं की लोकांना पटलंय. माझ्या गठाणीवरच्या भाषणाला उठवता आलं, बसवता आलं नाही. बसवलं ते भुकेनं.

त्याच परिषदेत बाबासाहेब बायांशीही बोलले. नेसण्यावरून, दागिन्यांवरून जात ओळखू येते, ती खूण टाकून द्या, असं सांगितलं. कित्येक बायांनी लगेच लुगडं नेसायची रीत बदलली. आमच्या गुणांच्या कागदात हे मोजायला रकाना आहे का?

दुसरा धडा ‘मुक्ती कोन पथे?’ हा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. त्यानंतर ३१ मे १९३६ ला मुंबईच्या महार परिषदेत हे भाषण झालं. घोषणेनं काळीज हललं होतं, पण लोकांच्या मनात शंभर शंका होत्या. धर्म बदलून पोट भरेल का? अन्याय थांबेल का? बाबासाहेबांनी एकेक शंका हातात घेतली. जुलूम का होतो, तर आपल्याकडं सामर्थ्य नाही म्हणून. सामर्थ्य किती प्रकारचं? माणसांचं, पैशाचं, मनाचं. यातलं आपल्याकडं काय आहे? मग ते कुठून आणायचं? पायरीमागून पायरी. मध्ये एक पायरी गाळली तर माणूस पडेल, इतकी घट्ट बांधणी. मी पोरांना त्याचा जिना काढायला लावतो. प्रत्येक पायरीवर एक वाक्य, आपल्या शब्दांत. शेवटी बाबासाहेब बुद्धाकडं येतात. मरणसमयी बुद्धानं आनंदाला काय सांगितलं? स्वतःच स्वतःचा दिवा हो. म्हणजे एवढं सगळं पटवून शेवटी निर्णय ऐकणाऱ्याच्या हातात दिला. आणि मग वाट पाहिली. १४ ऑक्टोबर १९५६ यायला वीस वर्षं लागली. पटायला वेळ लागतो, दोस्तांनो. टाळी लगेच पडते.

तिसरा धडा २५ नोव्हेंबर १९४९, संविधान सभा. इथं समोर आपली माणसं थोडी. बाबासाहेबांनी सुरुवातीला काय केलं? संविधानाचं श्रेय एकट्यानं घेतलं नाही. बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी यांचं नाव घेऊन त्यांना वाटा दिला. विरोधात बोलणाऱ्या सभासदांचेही आभार मानले. श्रेय वाटणाऱ्याचं वजन वाढतं, हे ‘माणूस’ या वाटेचं मर्म आहे. मग इशारे दिले. राजकारणात एक माणूस एक मत, आणि समाजात मात्र विषमता, ही विसंगती फार दिवस चालणार नाही हा एक. दुसरा इशारा आपल्या कानाला लागायला पाहिजे : राजकारणातली भक्ती, विभूतिपूजा हुकूमशाहीकडं नेते.

आता आपली १४ एप्रिलची भाषणं आठवा. वाघ, सूर्य, ज्वालामुखी. ज्या माणसानं भक्तीपासून सावध केलं त्याचीच भक्ती करून आपण बक्षिसं वाटतो. सगळं पान निळं आणि लाल. काळी रेघ एकसुद्धा नाही. ही टीका बाहेरचा करील तेव्हा आपण त्याच्या अंगावर धावू. म्हणून ती आपणच करायला हवी.

अॅरिस्टॉटललाही डोक्यावर घेऊ नका. तीन वाटा दाखवणारा हाच माणूस गुलामगिरीचं समर्थन करून गेला. काही माणसं जन्मानंच गुलाम असतात, असं त्यानं लिहून ठेवलं. पटवायची विद्या आली म्हणून न्याय येत नाही. म्हणून आमच्या वर्गात चौथी ओळ बुद्धाची आहे. केसपुत्त गावच्या कालामांनी बुद्धाला विचारलं, इतके साधू येतात, जो तो आपलंच खरं म्हणतो, आम्ही कुणाचं मानायचं? बुद्धानं सांगितलं, परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, नुसत्या तर्कात बसतं म्हणून मानू नका, आपला गुरू म्हणतो म्हणूनही मानू नका. त्यानं कुणाचं भलं होतं, कुणाचं नुकसान होतं, हे स्वतः तपासा. वर्गातलं एक पोरगं घरी अहिराणी बोलतं. हे ऐकून त्यानं पटकन विचारलं, ‘‘भाऊ, मंग तुमनं बी तपासानं का?’’ म्हटलं, माझं तर आधी तपासायचं.

एक गोष्ट राहिली. आपल्याच भागातले, शहाद्याकडचे कवी वाहरू सोनवणे. श्रमिक संघटनेच्या लढ्यातला माणूस. त्यांची ‘स्टेज’ नावाची कविता वाचली नसेल त्यानं वाचावी. ज्यांचं दुःख आहे ते खाली, आणि त्यांना त्यांचंच दुःख सांगणारे वर, हा तिचा विषय. मी वाचली तेव्हा गठाण आठवली. मी वर होतो. काका खाली होते. दर किती, रोज किती बुडाले, हे सगळं काकांना पाठ होतं. मी विचारलंच नव्हतं.

म्हणून पोरांना पहिला नियम हा : बोलण्याआधी दहा माणसांचं ऐका. आमच्या वर्गातली ती पोरगी मागच्या ग्रामसभेत उभी राहिली. वाघ नाही, सूर्य नाही. कोणत्या गल्लीत नळाला किती दिवसांनी पाणी येतं, घरोघर विचारून लिहिलेला कागद तिनं वाचला. मग आपल्या आईला किती लांबून हंडा आणावा लागतो ते एका वाक्यात सांगितलं आणि बसली. टाळी पडली नाही. ग्रामसेवकानं कागद मागून घेतला. पाणी अजून तसंच येतंय. पण पुढच्या सभेला चार बाया स्वतःहून कागद घेऊन आल्या.

मीही आता मिलमध्ये खिशात छोटी वही ठेवतो. तारीख, रोज, दर, कोण आलं, कोण गेलं. त्या दोन म्हाताऱ्यांची कामं मला परत मिळवून देता आली नाहीत, हे लिहून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही. पुढच्या वेळी बोलायचं झालं तर आधी काकांना वही वाचून दाखवीन. त्यांना पटलं तरच गठाणीवर चढीन, आणि जमलं तर त्यांनाच चढवीन.

कार्यकर्त्यांना एकच मागणं. पुढच्या १४ एप्रिलला गुणांचा कागद बदला. रकाने असे करा : कुणाचं ऐकून आलास? काय पुरावा आणलास? मन कशासाठी हलवलंस? यातून कुणाचं भलं? आणि परीक्षकाच्या खुर्चीवर एक अशी व्यक्ती बसवा जिला आपलं म्हणणं अजून पटलेलं नाही. तिला पटवलं तर पहिला नंबर द्या.

जय भीम.